हरिहरेश्वराची प्रदक्षिणा : पंचांग पाहूनच खाली उतरा

खरिपाची रास घरात येऊन पडली, रब्बीची पेर आटोपली, की दिवाळीनंतर चार-आठ दिवस कर्त्या माणसाला जरा मोकळे सापडतात. घरातली म्हातारी माणसे तेवढ्याचीच वाट पाहात असतात. "औंदा तरी देवाला नेऊन आण रे," हे बोलणे या दिवसांत आपल्या प्रत्येकाच्या घरात एकदा तरी ऐकू येतेच. मग कोणी पंढरपूरला जातो, कोणी जेजुरीला, कोणी तुळजापूरला. यंदा तुमचा विचार कोकणात उतरायचा असेल, आणि त्यातही हरिहरेश्वराचे मनात असेल, तर हा लेख घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तिथे देवळाइतकीच पाहण्यासारखी गोष्ट देवळामागच्या खडकात आहे, आणि ती पाहायला जाताना घरातून एक वस्तू आठवणीने बरोबर न्यावी लागते. ती म्हणजे पंचांग. तिथी छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका असली तरी चालेल.

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, अगदी समुद्राला टेकलेले गाव आहे. याला दक्षिण काशी म्हणतात. पेशव्यांचे हे कुलदैवत. १७१३ साली पेशवाईची वस्त्रे मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे शेजारच्या श्रीवर्धनचेच. आणि कृष्णाकाठच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचे उगम आपण हात जोडून पाहतो, त्यांतली कृष्णा आपल्या अंगणावरून जाते ती थेट पूर्वेच्या समुद्राला मिळते. तिची बहीण सावित्री मात्र पश्चिमेकडे कडा उतरते, पोलादपूर, महाडवरून जाते आणि या हरिहरेश्वराच्या अंगालाच अरबी समुद्रात शिरते. पलीकडच्या तीरावर बाणकोट दिसते. म्हणजे माहेर एक आणि सासरे दोन दिशांना.

पुण्याकडून येणाराने ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठावे, मुंबईकडून येणारालाही माणगावच. कोकण रेल्वेचे स्टेशन तिथे आहे. माणगावहून म्हसळ्यामार्गे साठेक किलोमीटर रस्ता आहे, एस.टी. आहे. वाट वळणांची आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू, आवळासुपारी जवळ ठेवावी.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे पुढचे सगळे पटेल.

आईचा जुना नवस होता. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करीन म्हणून ती कधीतरी बोलून गेली होती आणि पुढे संसाराच्या रगाड्यात ते राहूनच गेले. एका वर्षी मी मनावर घेतले. दिवस कोणता धरायचा? आईने सांगितले, कार्तिकी पौर्णिमा. त्रिपुरी पौर्णिमेइतका चांगला दिवस शंकराला दुसरा कोणता? आम्ही आदल्या रात्री निघालो, सकाळी पोचलो, अंघोळी केल्या. तिथला रिवाज असा आहे, की आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, आणि परत काळभैरवाचे. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची स्थाने आहेत. दर्शन यथासांग झाले. साडेअकराच्या सुमाराला आम्ही देवळामागच्या पायऱ्या चढायला लागलो, तेव्हा नारळ-फुलांचे दुकान मांडून बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली.

"पाहुणे, कुठं निघालात?"

"प्रदक्षिणेला, आजोबा."

"आज? आत्ता? अहो, पुनव आहे. पाणी चढलंय खाली. आईला घेऊन कुठं उतरता?"

मी जरा घुश्श्यातच होतो. एवढ्या लांबून आलेलो. म्हटले, लोक जातात की. आजोबा म्हणाले, "जातात. काही परत येत नाहीत." एवढे बोलून ते पुन्हा फुले निवडायला लागले.

आम्ही नुसते बघून येऊ म्हणून टेकडीवर गेलो. वरून त्या कातळाच्या घळीत डोकावलो मात्र, पोटात गोळा आला. जिथून पायवाट जायची तिथे पांढरे पाणी उसळत होते. लाट कड्यावर आदळे तेव्हा पायाखालचा दगड हादरल्यासारखा वाटे. आई काही बोलली नाही. खाली आलो. तिचे डोळे भरून आले होते. नवस हातातोंडाशी येऊन राहिला होता ना! आजोबांनी तिला बसायला पोते अंथरून दिले आणि म्हणाले, "ताई, देव कुठं पळून जातोय? उद्या पहाटे सुकती आहे. आज राहा. सकाळी मी येतो बरोबर." इकडे ओहोटीला सुकती म्हणतात.

त्या दिवशी संध्याकाळी आजोबांनी मला जो हिशोब शिकवला, तो तुम्हालाही सांगतो.

तिथीची पाऊणपट

समुद्राला रोज दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो. हे पाणी चंद्र ओढतो, थोडेफार सूर्यही ओढतो. चंद्र रोज सुमारे दोन घटका, म्हणजे ४८-५० मिनिटे उशिरा उगवतो, हे रात्री पाण्याची पाळी धरणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. चंद्र उशिरा, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा. यावरून मुंबईपासून या भागापर्यंत जुन्या लोकांनी सोपा आडाखा बांधला आहे. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती.

चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनलाही भरती, आणि मधे सकाळी नऊच्या आधी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भर दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हा अदमास आहे. पाऊण-एक तास इकडे-तिकडे होतो, म्हणून घड्याळाला घट्ट धरून बसू नये. हल्ली भरती-ओहोटीच्या नक्की वेळा मोबाईलवरही मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षाची कोष्टके काढतो. पण गावात वीज गेली, मोबाईल मेला, तरी तिथी काही जात नाही.

दुसरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढ लावतात. त्या सुमाराला भरतीही सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल. हे उधाण. त्याचा खरा जोर त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी असतो. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकींच्या आड येते, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. याला भांग म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणाचे पाणी पाच मीटरच्या आसपास जाते. दक्षिणेला जाल तसे ते कमी होत जाते.

आता पौर्णिमेचे गणित करून पाहा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. माझ्या फजितीचे मूळ तिथेच होते. आपण देवाला जातो ते दिवस कोणते? पौर्णिमा, सोमवती अमावास्या, महाशिवरात्र. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे ज्या दिवशी देवळापुढे रांगा लागतात, ज्या दिवशी लांबलांबचे लोक प्रदक्षिणा करायचीच म्हणून येतात, नेमक्या त्याच दिवशी, अंघोळ-पूजा-दर्शन उरकून माणूस मोकळा होतो त्याच वेळी, समुद्र सगळ्यांत वर आलेला असतो. यात देवाचा कोप नाही आणि समुद्राचा डावही नाही. ज्या पंचांगात उपासाचा दिवस पाहिला त्याच ओळीत भरतीची वेळही लिहिलेली असते. आपण पहिले वाचतो आणि दुसरे सोडून देतो, इतकेच. या वाटेवर माणसे वाहून गेलेली आहेत. तिथे तशा सूचना लावलेल्या असतात. त्या वाचायला हव्यात. आम्ही त्यांच्या जवळून गेलो होतो आणि वाचल्या नव्हत्या.

महाशिवरात्रीलाच जायचे असेल तर दर्शन सकाळी करा आणि प्रदक्षिणा दुपारी साडेतीन-चारला, ओहोटी खोल जाते तेव्हा. पण खडकातले जीव नीट पाहायचे असतील तर सर्वांत उत्तम म्हणजे द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी. या तिन्ही दिवशी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी मागे गेलेले असते, ऊन कोवळे असते, आणि उधाणाच्या दिवसांमुळे ओहोटीही खोल असते.

काळा कातळ

दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, पहाटे फटफटायच्या वेळी आजोबा काठी टेकत हजर. आम्ही निघालो. देवळामागून टेकडीवर चढायचे आणि मग दोन बाजूंना उभे कातळ असलेल्या अरुंद घळीतून दगडी पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरायचे. पायऱ्या उंच आहेत. गुडघे धरलेल्या माणसाने हात धरून, एका बाजूने, घाई न करता उतरावे. उतरले, की समोर एकदम समुद्र आणि पायाखाली मोठे काळे अंगण पसरलेले. काल इथे लाटा उसळत होत्या हे सांगूनही खरे वाटेना. डोंगराची सावली अजून खडकावर होती आणि पाणी दूर, शांतपणे हलत होते.

हा दगड आपल्या ओळखीचा आहे. विहीर खोदताना मुरूम संपला, की खाली सुरुंगाला दाद न देणारा जो काळा पाषाण लागतो, तोच हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस थरावर थर वाहिला आणि थिजला. त्याचाच सह्याद्री झाला, त्याचाच हा किनारा. आपल्याकडे तोच दगड ऊन-पावसाने कुजत कुजत कापसाची काळी जमीन झाला. इथे तो समुद्राच्या हाती सापडला. लाटांनी डोंगराचा पायथा कापत कापत त्याला मागे रेटले आणि तळाशी हे सपाट अंगण उरले.

डाव्या-उजव्या अंगाच्या कड्यांकडे जरूर पाहा. दगडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकेच भोके पडलेली दिसतील, मधे पातळ पडदे राहिलेले. ही कोणी टाकीने कोरलेली नक्षी नव्हे. आपल्या मातीच्या भिंतीला लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात, तोच प्रकार. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडात मुरतात, उन्हाने पाणी उडते, मीठ आत राहते, त्याचे खडे वाढतात आणि दगडाचा कण न् कण उचकटून काढतात. लोणा लागायला आपल्याकडे दोन पिढ्या लागतात. इथे किती युगे गेली असतील त्याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

खाली अंगणात गोल खड्डे आहेत. कुठे ओंजळभर, कुठे घंगाळाएवढे, कुठे माणूस बसेल एवढे. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना वेगळे सांगायला नको. गोटा खळग्यात अडकतो, पाणी त्याला गरगर फिरवते, आणि गोटा खळग्याला उखळासारखा घासत जातो. ओहोटीला समुद्र मागे जातो आणि या खळग्यांत थोडेथोडे पाणी ठेवून जातो. काही जागांना गायत्रीतीर्थ, सूर्यतीर्थ अशी नावे आहेत. आईने प्रत्येक ठिकाणी हात जोडले. आणि मग एका डबक्यावर वाकली ती वाकलीच.

डबक्यातले बिऱ्हाड

तुम्हीही असेच करा. डबक्याच्या कडेला बसा, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा, आणि दोन-चार मिनिटे हलू नका. पहिल्यांदा नुसते स्वच्छ पाणी आणि हिरवे शेवाळ दिसेल. आलेल्या दहांतले नऊ लोक एवढेच पाहून पुढे जातात. थांबाल तर डबके हळूहळू चालायला लागेल.

आधी एक शंख चालेल. शंख गोगलगायीचा, पण त्याखालून बाहेर आलेले पाय खेकड्याचे. हा शंखातला खेकडा. याचे पोट मऊ असते, पाठीवर कवच नाही, म्हणून मेलेल्या गोगलगायीच्या शंखात हा बिऱ्हाड करतो. अंग वाढले, की मोठा शंख शोधून घर बदलतो. आपण किनाऱ्यावरून पिशवी भरभरून शंख नेतो, तेव्हा याची घरे नेतो. मुलांना एवढे समजावून सांगितले, की ती आपणहून पिशवी रिकामी करतात. माझ्या भाच्याने नंतरच्या खेपेला केली.

मग दगडाला चिकटलेले फूल दिसेल. त्याच्या पाकळ्या पाण्यात डुलत असतात. हे फूल नव्हे, प्राणी आहे. याला समुद्रफूल म्हणतात. बारीक कोळंबीचे पिल्लू पाकळीला लागले, की पाकळीतले विषारी काटे त्याला लुळे पाडतात आणि सगळ्या पाकळ्या मिळून ते मधल्या तोंडात ढकलतात. पाणी आटले, की हेच फूल लाजाळूसारखे मिटून मांसाच्या गोळ्यासारखे बसते. जवळच हिरवट-तपकिरी बटणे शिवल्यासारख्या बुळबुळीत गाद्या दिसतील. तेही प्राणीच. त्यांना हात लावू नये, अंगावर जखम असेल तर मुळीच नाही. त्यांच्यातल्या काही जातींत जहर असते.

डबक्याबाहेर, उंच दगडावर, पांढऱ्या टोकदार खपल्या दिसतात. पाय सोलून काढणाऱ्या याच. दिसायला शिंपल्यासारखा हा जीव नात्याने खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद आहे. लहानपणी पाण्यात हिंडतो, एकदा जागा पसंत पडली की डोके खाली करून दगडाला चिकटतो आणि जन्मभर तिथून हलत नाही. भरती आली की झाकण उघडून पिसासारख्या पायांनी अन्न वारतो. ओहोटीला झाकण घट्ट लावून आत घोटभर पाणी धरून बसतो. त्याखालच्या पट्ट्यात कालवे. ती पाणी गाळून त्यातले बारीक अन्न खातात, एकेक कालव तासाला कित्येक लिटर पाणी गाळते. किनाऱ्याच्या गावांतल्या बाया ओहोटीला येऊन लोखंडी हत्याराने ती फोडतात. वाकून वाकून कंबर मोडणारे काम, आपल्या भातलावणीसारखेच. त्यांनाही तिथी तोंडपाठ असते, कारण त्यांची मजुरी तिथीवर चालते.

थंडीच्या दिवसांत शेवाळ भरघोस येते. लेट्यूससारखे पातळ हिरवे, द्राक्षाच्या बारीक मण्यांसारखे फुगे असलेले तपकिरी, असे कितीतरी प्रकार. हल्ली आपण शेती औषधांच्या दुकानातून समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली आणून द्राक्षावर, भाजीपाल्यावर फवारतो. ती वनस्पती याच जातकुळीतली. बाटलीतली वस्तू जिवंतपणी डुलताना पाहिली तेव्हा मला उगीचच मोठा आनंद झाला. त्याच शेवाळावर कधी मऊ, शंख नसलेली मोठी गोगलगाय चरताना सापडते. तिला डिवचले तर जांभळी शाई सोडते. डिवचू नका, बिचारी चरत असते.

या डबक्यात राहणे सोपे नाही, हेही लक्षात घ्या. उन्हात पाणी तापते, उडते आणि मीठ वाढते. पावसात तेच पाणी एकदम गोडे होते. रात्री श्वासाला पुरेसा वायू राहात नाही. दिवसातून दोनदा लाटांचा मार, दोनदा कोरड. आमच्या आईने आजोबांना विचारले, "पाणी परत येणार हे यांना कळतं कसं हो?" आजोबा हसले. मी नंतर वाचले, की किनाऱ्यावरचे काही खेकडे पकडून दूर प्रयोगशाळेत ठेवले, भरती-ओहोटी दिसणार नाही अशा जागी ठेवले, तरी ते काही दिवस भरतीच्या वेळेनेच हिंडत-फिरत राहतात. वेळ त्यांच्या अंगातच असते. आपल्याला मात्र पाऊणपट करावी लागते.

उतरताना एवढे पाळा

चपला पट्ट्याच्या किंवा बूट घाला. अनवाणी प्रदक्षिणेचा हट्ट असेल तर तो देवळाभोवती पुरा करावा, कालवांच्या धारेवर नको. हिरव्या ओल्या दगडावर पाय टाकू नका, तो साबणासारखा सटकतो. दगड उलटून पाहिलाच तर होता तसा परत ठेवा. खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. भोवऱ्यासारखा निमुळता, नक्षीदार शंख दिसला तर उचलू नका. त्यातली गोगलगाय विषारी बाण मारते आणि तिच्या काही जातींचा बाण माणसालाही भारी पडतो. पोरांना सांगताना "सुंदर दिसेल ते आधी मला दाखवा" असे सांगितले तर ऐकतात.

वेळेचे तर फारच सांभाळा. ओहोटी पुरी होण्याच्या तास-दीड तास आधी उतरा आणि पाणी फिरले, की वाट धरा. पाणी चढते ते सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात ते बाराव्या हिश्श्याइतकेच चढते, त्यामुळे माणूस गाफील राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या या दोन तासांत मात्र निम्मे पाणी भरते. शिवाय दहा लाटा लहान येऊन अकरावी मोठी येऊ शकते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढण्याची जी नवी चाल पडली आहे, ती इथे नको. आणि पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, तिथी कोणतीही असो, खाली उतरूच नका. त्या दिवसांत होड्याही बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदीच आहे. इतर महिन्यांतही हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचा इशारा देते. तसा इशारा असेल त्या दिवशी वरूनच नमस्कार करावा.

गावात राहण्याची सोय आहे. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, घरगुती खाणावळी आहेत. येता-जाता श्रीवर्धनच्या वाड्या मात्र आपल्या डोळ्यांनी पाहा, शेतकऱ्याच्या डोळ्यांनी. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि आजोबा-पणजोबांनी लावलेल्या पोफळी आणि माड एका दुपारीत आडवे झाले. गारपिटीने आपली द्राक्षबाग गेली तर दोन हंगामांत माणूस सावरायला बघतो. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायलाच सहा-सात वर्षे जातात. आमच्या यजमानीणबाईंनी जेवण वाढता वाढता मागच्या वाडीतली नवी रोपे दाखवली, कमरेएवढी झाली होती. त्यांनी आईला आमच्याकडच्या उसाचा भाव विचारला, आईने त्यांना सुपारीचा.

आमची प्रदक्षिणा आठाच्या आत पुरी झाली. खडकावरून वळसा घालून वाळूच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा मागे डबक्यांच्या तोंडाशी पाणी यायला लागले होते. आईने परत जाऊन काळभैरवाचे दर्शन घेतले आणि नारळ आजोबांच्याच दुकानातून घेतला. त्यांना पैसे द्यायला गेलो तर त्यांनी नारळाचेच तेवढे घेतले.

चहा पिताना ते म्हणाले, "उद्या बीज, परवा तीज. पाणी याच्याही मागं जाईल. आज पाहिली नाहीत ती डबकी उघडी पडतील. राहा की अजून दोन दिवस."

आईच्या मनात होते, ते तिच्या तोंडावर दिसत होते. पण म्हणाली, "म्हैस शेजारणीच्या जिवावर सोडून आलेय, दादा. पुढच्या खेपेला बीज धरूनच येते." आम्ही दहाची एस.टी. धरली. गाडी घाटाला लागली तरी ती बोटांवर काहीतरी मोजत होती. विचारले तर म्हणाली, "सहाची पाऊणपट किती रे होते?"